शेवटचा आला की निघायचं

तिला सायकलवरून येलहंकाला जायचं होतं, थोरल्या बहिणीच्या दारात. सात किलोमीटर उरले होते आणि मी तिला टेम्पोत बसवून घरी पाठवलं. इतकीच गोष्ट आहे. कुणाचं डोकं फुटलं नाही, कुणाचा पाय मोडला नाही. तरी तीन वर्षं झाली, हेब्बाळचा उड्डाणपूल मी अजून मान खाली घालून चढतो, आणि बरोबरच्यांना वाटतं, चढामुळे.

आमचा सायकलवाल्यांचा एक गट आहे. दर रविवारी पहाटे जयनगरात एका कॉफीच्या दुकानासमोर जमायचं आणि निघायचं. बारा-पंधरा जण असतात. निम्मे माझ्यासारखे, पुण्या-मुंबईहून इथे कानडी मुलखात नोकरीला आलेले, आठवडाभर महादेवपुऱ्याच्या ऑफिसात खुर्च्या झिजवणारे. बाकीचे इथलेच. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट, आणि पाठीवर आमचा नियम छापलेला: ‘नो ड्रॉप’. म्हणजे कुणालाही मागे टाकायचं नाही. या नियमाचा आम्हाला भलता अभिमान. दुसरे गट नवख्यांना वाऱ्यावर सोडतात, आम्ही नाही, असं आम्ही येईल त्याला ऐकवायचो. मी तर जरा जास्तच ऐकवायचो.

नियम पाळायची आमची पद्धत अशी. पुढचे लोक दर सात-आठ किलोमीटरवर एखाद्या चौकात थांबणार. पाणी पिणार, केळं खाणार, फोटो काढणार, एकमेकांची टर उडवणार. मागचे एकेक करून येणार. सगळ्यात शेवटचा माणूस पोचला की सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवायच्या, ‘वा, शाब्बास!’ म्हणायचं, आणि शिट्टी मारून निघायचं. शिवाय एकाने आळीपाळीने सगळ्यात मागे राहायचं. त्याला आम्ही ‘स्वीप’ म्हणतो. शेवटच्या माणसाच्याही मागे स्वीप, म्हणजे रस्त्यात कुणी एकटं पडायला नको. किती विचार करून केलंय, नाही? मलाही तसंच वाटायचं.

ती आली तेव्हा पंचावन्नच्या पुढची असेल. सलवार-कमीज, पायात शाळेतल्या मुलींसारखे पांढरे बूट, आणि मुलीने वाढदिवसाला दिलेली गिअरची सायकल, तिला पुढे टोपली. टोपली बघून आमच्यातला एक जण माझ्या कानाशी कुजबुजला, “भाजी आणायला निघाल्यात काय?” मी हसलो. हेही कबूल करून टाकतो.

मराठी ऐकून ती थेट माझ्याकडे आली. “तुमी पुण्याचे की? आमी हितल्या बनशंकरीचे. आमचे लोक शहाजीराजांच्या बरोबर आलेले, मग हितंच राहिले.” हे ती अशा थाटात म्हणाली की वाटावं, गेल्याच आठवड्यात सामान उतरवलंय. तिचं मराठी माझ्या कानाला गंमतशीर लागायचं. मधूनच कानडी ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, मधूनच ‘सरी’ म्हणजे बरं, आणि लहान असो मोठा असो, प्रत्येक पुरुषाला ‘अण्णा’. मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण मीही अण्णाच.

पहिल्या तीन रविवारी ती प्रत्येक थांब्यावर शेवटची आली. घामाने निथळत, चेहरा लालबुंद, पण हसत. ती दिसली की आमच्या टाळ्या सुरू. ती लाजायची, एक पाय टेकवायची, टोपलीतली बाटली काढून झाकण फिरवायला घ्यायची, तेवढ्यात शिट्टी. मग झाकण पुन्हा लावून ती आमच्या मागे. माझ्या डोळ्यांपुढे तीन रविवार हे घडत होतं. मी तीन रविवार टाळ्या वाजवल्या.

चौथ्या रविवारी येलहंकाला जायचं होतं, त्याच्याही पुढे दहा किलोमीटर. येलहंका ओलांडलं की एक सरळ, मोकळा पट्टा आहे. सायकलवाल्यांच्या ॲपवर त्या पट्ट्याची वेळ नोंदली जाते, आणि कोण किती वेळात गेला ते सगळ्यांना दिसतं. आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारा एक शहाणा तिथे माझ्या वर होता. लिफ्टमध्ये भेटला की पाठ थोपटायचा, “काका, चाललंय ना सायकलिंग?” काका! दोन महिने मी त्या पट्ट्यासाठी तयारी केली होती, भात सोडला होता, बायकोची बोलणी खाल्ली होती. आणि नेमकी त्याच रविवारी माझी स्वीपची पाळी. बदलून घ्यायला बघितलं, कुणी ऐकेना. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू!

निघताना ती माझ्याजवळ आली. टोपलीत सुती पिशवी होती, मोगऱ्याचा वास येत होता. “अण्णा, आज तुमी मागं आहात, बरं झालं. मला आज सोडू नका हं. आज पोचायचंच आहे.”

“नो ड्रॉप,” मी पाठीवरची अक्षरं दाखवत म्हणालो.

मागे राहून चालवणं म्हणजे माझ्यासारख्या तापट माणसाला शिक्षाच. ती पेडल मारी, मी ब्रेक मारी. कब्बन पार्कजवळच्या थांब्यावर आम्ही पोचलो, टाळ्या, शिट्टी, निघाले सगळे. मेखरी सर्कलला पोचलो, टाळ्या, शिट्टी. पुढच्यांची तिथे दहा मिनिटं विश्रांती झाली होती, ते ताजेतवाने. ती तशीच पुढे. तिला धाप लागली होती, आणि धापेतसुद्धा ती मागे वळून मला म्हणत होती, “अण्णा, तुमाला बोअर होतंय की. तुमी जावा पुढं.” मी “छे छे” म्हणत होतो आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होतो. ते तिला दिसत होतं की नाही, देव जाणे. दिसत असणारच. वळून वळून बघत होती ना.

हेब्बाळचा पूल ती अर्धा चढली आणि उतरली. सायकल हाताने ढकलत वर आली. मी बाजूने हळूहळू चालवत होतो. साधं उतरून तिच्याबरोबर चाललो नाही, हे आता आठवतं. पूल उतरून गेल्यावर ती रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली. दोन मिनिटं, म्हणाली. माझ्या फोनवर पुढच्यांचे मेसेज: ‘कुठे आहात?’ ‘येलहंकाच्या अलीकडे थांबलोय.’ ‘उन्हाच्या आधी पट्टा काढायचाय.’

मी हिशेब केला. या गतीने अजून पाऊण तास. तोवर सगळे पट्टा करून परतीला लागणार.

“ताई,” मी अगदी मऊ आवाजात म्हणालो. माझा तो आवाज घरच्यांना चांगला ठाऊक आहे. मनात काहीतरी असल्याशिवाय तो निघत नाही. “आज इतकं पुरे. पहिल्याच लांबच्या फेरीला इथवर आलात, कमाल आहे. उगाच पायात गोळे आले तर पुढचे सगळे रविवार जातील.”

“नाही अण्णा, होतं की. स्वल्प बसते, मग जाऊ. तिथं येलहंकात आमची अक्का…”

“पुढच्या वेळी जाऊ ना. येलहंका कुठे पळून चाललंय?”

“तसं नाही, अक्का तिथं…”

“ऐका माझं.” आणि मग मी ते बोललो. “खरं सांगू? मीपण थकलोय. गुडघा दुखतोय सकाळपासून. मीही इथूनच मागे फिरणार आहे. तुम्ही हट्ट केलात तर मला तुमच्याबरोबर यावं लागेल.”

तिने एकदम माझ्या गुडघ्याकडे बघितलं. “अय्यो, मग आधी सांगायचं की!” आणि ती उठलीच. माझ्या गुडघ्यासाठी.

रिकामा टेम्पो थांबवला, तिची सायकल मागे चढवली, दोरीने बांधली. ती ड्रायव्हरशेजारी बसली. पिशवी मांडीवर. “तुमचीपण सायकल चढवा ना, जागा आहे,” ती म्हणाली. मी म्हणालो, मी हळूहळू येतो, तुम्ही व्हा पुढे. टेम्पो वळला. तिने खिडकीतून हात बाहेर काढून मला ‘जपून’ अशी खूण केली. टेम्पो पुलावर दिसेनासा होईपर्यंत मी गुडघा चोळत उभा राहिलो. इतका हलकटपणा मला जमतो, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

मग सायकलवर टांग मारली आणि सुटलो. ते सात किलोमीटर मी आयुष्यात कधी चालवले नव्हते असे चालवले. पाय मोकळे झाले, वारा कानात, मनावरचं ओझं उतरलेलं. येलहंकाच्या जुन्या वस्तीतून रस्ता जातो, तिथे एका बैठ्या घराच्या फाटकात एक म्हातारी बाई उभी होती. नऊवारी नव्हे, साधी सहावारी, हातात ताट. माझा निळा टी-शर्ट बघून तिने ताट एका हातावर घेतलं आणि दुसरा हात वर केला. सकाळी सकाळी देवळात निघाली असेल, सायकलवाल्यांचं कौतुक वाटलं असेल, असं मला वाटलं. मीही हात वर केला आणि पुढे गेलो.

पट्टा केला. वरच्या मजल्यावरच्या शहाण्यापेक्षा चार सेकंद जास्त लागले. नंतर चहाच्या टपरीपाशी सगळ्यांचा फोटो काढायचा ठरला, तेव्हा मी म्हणालो, द्या इकडे, मी काढतो. त्या वेळी वाटलं, सहज म्हणालो. आता मी स्वतःला एवढी सूट देत नाही. फोटो ग्रुपवर जाणार होता, आणि ग्रुपवर ती होती.

संध्याकाळी ग्रुपवर टाकलं: ‘आपल्या ताईंनी आज हेब्बाळपर्यंत मजल मारली! सुखरूप घरी पोचल्या.’ खाली अंगठ्यांची रांग. कुणीतरी लिहिलं, ‘स्वीप असावा तर असा.’ तिचा एकच मेसेज होता, हात जोडलेले, आणि ‘अण्णा, गुडघ्याला तीळतेल लावा.’

त्यानंतर ती आली नाही. आणखी महिन्याभराने तिने ग्रुप सोडला. कुणी विचारलंही नाही. नवे येतात, चार रविवार टिकतात, जातात. झेपत नाही त्यांना, असं आम्ही म्हणायचो.

मग मागच्या पावसाळ्यानंतर मला डेंग्यू झाला. बरा झालो, पण अंगातली सगळी ताकद कुणी काढून नेल्यासारखी झाली. दोन महिन्यांनी गटाबरोबर निघालो तो पहिल्या पाच मिनिटांत मागे पडलो. माझ्या मागे एक पोरगेलासा स्वीप, सारखा घड्याळ बघणारा. कब्बन पार्कचा थांबा आला. सगळे उभे, केळ्यांची सालं टाकून झालेली. मी दिसलो आणि टाळ्या सुरू झाल्या. “वा, शाब्बास! ग्रेट कमबॅक!” मी पाय टेकवला, बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि शिट्टी वाजली.

झाकण माझ्या हातात तसंच राहिलं.

मी ओरडलो, “अरे थांबा की जरा! माणूस आत्ता आलाय!” पुढच्या दोघांनी हसून हात हलवला. त्यांना वाटलं, गंमत करतोय. स्वीप म्हणाला, “सर, चला ना, मागे पडू आपण.” मी त्याला म्हणालो, तू जा. फुटपाथवर बसलो, पाणी प्यायलो, आणि मला ती दिसली. तीन रविवार, प्रत्येक थांबा. जिला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, तिला एक मिनिट नाही, आणि वर टाळ्या. आम्ही तिच्यासाठी थांबत होतो म्हणे! आम्ही आमच्यासाठीच थांबत होतो. माझी मला इतकी लाज वाटली की तिथूनच घरी फिरलो.

त्या आठवड्यात मी ग्रुपवर भांडण काढलं. शेवटचा माणूस आल्यापासून दहा मिनिटं मोजायची, टाळ्या बंद, आणि निघायचं का हे त्याने सांगायचं. दोघे-तिघे चिडले, सरासरी वेग पडेल म्हणाले. मी म्हणालो, पडू दे खड्ड्यात. शेवटी झाला नियम. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. गटाच्या जुन्या यादीतून तिचा नंबर काढला. चार दिवस फोन हातात घेऊन ठेवत होतो. पाचव्या दिवशी लावला.

“अय्यो, अण्णा! गुडघा कसा आहे?” हे तिचं पहिलं वाक्य.

रविवारी सायकलनेच बनशंकरीला गेलो. पहिल्या मजल्यावर घर. जिन्याखाली तिची सायकल उभी होती, दोन्ही टायर बसलेले, टोपलीत जुनी वर्तमानपत्रं. तिने दार उघडलं आणि आतल्या मुलीला, जावयाला हाक मारली. “हेच ते अण्णा! मी सांगत होते की नाही? स्वतःची सायकल फिरवली माझ्यासाठी. बाकीचे सगळे पुढं गेले, हे एकटे माझ्यासाठी मागं राहिले. टेम्पोला दोरी बांधून दिली.” जावयाने उठून माझा हात हातात घेतला. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता. मुलगी आणि जावई त्यांच्या कामाला बाहेर पडले. कॉफी आली, कोडबळी आली.

“ताई, मला त्या दिवसाचंच बोलायचंय,” मी म्हणालो.

“त्या दिवसाचं काय बोलायचं? माझंच चुकलं. अक्काला उगा सांगून ठेवलं.” आणि ती सांगू लागली. लहानपणी घरात एकच सायकल, ती भावाची. या दोघी बहिणींनी हात लावला तर मार. एकदा दोघी चोरून घेऊन गेल्या, पडल्या, आणि थोरलीने सगळा मार एकटीने खाल्ला. मुलीने सायकल दिली तेव्हा तिने अक्काला फोन केला, मी चालवत तुझ्या दारात येते. अक्का हसली. म्हणाली, आलीस तर आरती ओवाळते तुला. “म्हणून त्या दिवशी मोगऱ्याचा गजरा घेतला होता तिच्यासाठी. तुमा सगळ्यांना सरप्राइज द्यायचं होतं. अक्काने पहाटे उठून पन्नास इडल्या केल्या. मी तिला सांगितलं होतं, निळ्या टी-शर्टचे लोक दिसले की समज, मी सगळ्यात मागून येते.”

मी कप खाली ठेवला.

“ती सातपासून फाटकात उभी. आरतीचं ताट घेऊन. तुमचे लोक एकेक करून गेले. मग कुणी नाही, कुणी नाही, आन मग एक जण एकटाच, लई जोरात. तिला वाटलं, आता ह्याच्यामागं धाकटी. तिनं हात केला. त्यानंपण हात केला.” ती हसली. “अक्का अजून म्हणते, तो शेवटचा चांगला होता गं, थांबला नाही पण हात तरी केला. मी म्हणाले, शेवटचे तर आमचे अण्णा, ते माझ्याबरोबर फिरले. मग तो कोण असेल, अण्णा? तुमाला ठाऊक असेल की.”

खोटं बोलायची संधी पुन्हा आली होती, तीही सोपी. कुणाचंही नाव घेतलं असतं.

“मीच होतो,” मी म्हणालो. “गुडघा दुखत नव्हता माझा. मला पुढे जायचं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. अक्काने सांगितलेलं सगळं मनात पुन्हा नीट लावून बघत असल्यासारखी. मग तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं, तसंच, जसं त्या दिवशी बघितलं होतं.

“सरी,” ती म्हणाली. आणि विचारलं, “मग पोचलात का वेळेत?”

“नाही. चार सेकंदांनी चुकलं.”

“अय्यो,” ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी घाईघाईने बोलू लागलो. नियम बदललाय, आता दहा मिनिटं शेवटच्या माणसाची. आपण दोघंच जाऊ, गट नको, तुम्ही पुढे मी मागे, दहा ठिकाणी बसू, दुपार झाली तरी चालेल. अक्कांना सांगू. कोडबळ्यांची बशी तिने माझ्याकडे सरकवली.

“नियम चांगला केला,” ती म्हणाली. “पण मला नको, अण्णा. तुमी माझ्यासाठी थांबलात की मला पळावं लागतं. अक्काकडे मी बसनं जाते. बसमध्ये खिडकीची जागा मिळते.”

मी माफी मागितली. ती “असू दे, असू दे” म्हणाली, आणि मला दारापर्यंत सोडायला आली. जिन्याखाली आलो तर तिची सायकल समोरच. माझ्या सायकलला पंप लावलेलाच असतो. मी वर बघून विचारलं, “ताई, निदान हवा भरून ठेवू का?”

ती कठड्यावरून वाकली होती.

“राहू दे, अण्णा,” ती म्हणाली, “तुमाला उशीर होईल.”

ती अगदी मनापासून म्हणाली. दार लागल्याचा आवाज आला. मी पंप काढला, तिच्या सायकलजवळ खाली बसलो आणि पुढच्या टायरचं झाकण फिरवलं. मला त्या दिवशी कुठेही जायचं नव्हतं.